पित्तनलिकेच्या कर्करोगाचा चढता आलेख: किती खरा, किती कागदावरचा?

पित्तनलिकेचा कर्करोग वाढतो आहे, हे वाक्य गेली वीस-पंचवीस वर्षे या विषयावरच्या बहुतेक वैद्यकीय लेखांच्या सुरुवातीला येते. ते खोटे नाही. मात्र त्यामागचे आकडे कोणी, कुठल्या रकान्यात भरले आणि त्या रकान्यांच्या सीमा मधल्या काळात किती वेळा हलल्या, हे कळल्याशिवाय त्याचा नेमका अर्थ लागत नाही.

आधी शरीरातली जागा पाहू. पित्त यकृतात तयार होते. तिथल्या केसासारख्या बारीक नळ्या एकत्र येत येत उजवी आणि डावी अशा दोन मोठ्या नलिका बनतात. यकृताच्या दाराशी त्या एकमेकींना मिळतात आणि पुढे एकच नलिका लहान आतड्यात उघडते. या वाटेवर कुठेही आतल्या अस्तरातून उद्भवणाऱ्या कर्करोगाला कोलँजिओकार्सिनोमा म्हणतात. जागेनुसार त्याचे तीन प्रकार होतात: यकृताच्या आतला, यकृताच्या दाराशी असलेला आणि त्याखालच्या नलिकेतला. साधारण निम्मे किंवा त्याहून थोडे जास्त रुग्ण मधल्या प्रकारचे असतात. येल विद्यापीठातले यकृततज्ज्ञ जेराल्ड क्लॅट्स्किन यांनी १९६५ मध्ये अशा १३ रुग्णांचे सविस्तर वर्णन केले, तेव्हापासून या गाठीला 'क्लॅट्स्किन ट्यूमर' हे नाव चिकटले. पुढचा सगळा घोळ याच गाठीभोवती झाला.

आजार मुळात दुर्मीळ. पाश्चात्त्य देशांत वर्षाला लाखामागे एक-दोन रुग्ण, कधी त्याहूनही कमी. म्हणून २००१ साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांनी खळबळ उडवली. एक इंग्लंड आणि वेल्सचा होता. १९६८ ते १९९६ या काळात यकृतांतर्गत पित्तनलिका कर्करोगाचा वयप्रमाणित मृत्युदर पुरुषांत लाखामागे ०.१० वरून १.४९ वर आणि स्त्रियांत ०.०५ वरून १.२४ वर गेल्याचे त्यात दिसले. दुसरा अमेरिकेचा. तिथे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत याच प्रकाराचे नव्या रुग्णांचे प्रमाण लाखामागे ०.१३ वरून ०.६७ वर पोहोचले होते. हा उतारवयातला आजार असल्याने लोकसंख्या वयस्क झाली की रुग्ण वाढणारच, पण हे दर वयाचा फरक काढून टाकून मोजलेले होते. एका पिढीच्या काळात एखादा कर्करोग पाचपट, पंधरापट कसा वाढेल? नवे विष, नवा विषाणू की आणखी काही, अशी शोधाशोध सुरू झाली.

काही जणांनी मात्र कारण शरीरात शोधण्याआधी नोंदवहीत शोधले. कर्करोग नोंदणी केंद्रातला कर्मचारी पॅथॉलॉजीचा अहवाल वाचतो आणि त्यातून दोन संकेतांक काढतो, एक गाठ कोणत्या जातीची आहे त्याचा आणि एक ती कोणत्या अवयवात आहे त्याचा. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगासाठीची वेगळी संकेतावली असते. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत क्लॅट्स्किन ट्यूमरला स्वतःचा संकेतांक मिळाला, ८१६२/३. पण त्याची सांगड घातली गेली यकृतांतर्गत जागेशी. प्रत्यक्षात ही गाठ यकृताबाहेर पडणाऱ्या नलिकांच्या संगमावर असते. पुस्तकाबरहुकूम काम करणारा कर्मचारी चुकत नव्हता, पुस्तकच त्याला चुकीच्या रकान्यात नेत होते. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने दोन्ही जागा चालतील असे ठरवले. म्हणजे चूक सुधारली, पण निवड नोंद करणाऱ्यावर सोडली.

अमेरिकेतल्या १९९२ ते २००० च्या नोंदी पुन्हा तपासल्या तेव्हा ९१ टक्के क्लॅट्स्किन ट्यूमर यकृतांतर्गत रकान्यात सापडले. त्यामुळे यकृतांतर्गत प्रकाराचे प्रमाण १३ टक्क्यांनी फुगले होते आणि यकृताबाहेरच्या प्रकाराचे १५ टक्क्यांनी कमी दिसत होते. त्यात भर म्हणजे सगळे देश एकाच वेळी नव्या आवृत्तीवर गेले नाहीत. अमेरिका २००१ मध्ये गेली, ब्रिटन २००८ मध्ये. मधल्या सात वर्षांत या दोन देशांच्या आलेखांची तुलना करणे म्हणजे वेगवेगळ्या मापांनी मोजलेले धान्य शेजारी ठेवून कोणाचे पीक जास्त आले ते सांगणे.

तरीही माझ्या मते, वाढ केवळ कागदावरची आहे असे म्हणून हात झटकता येत नाहीत. १३ टक्क्यांच्या फुगवट्याने पाचपट वाढ होत नाही. शिवाय अमेरिकेचा १९७३ ते २०१२ असा चाळीस वर्षांचा आढावा घेतला तर यकृतांतर्गत प्रकार लाखामागे ०.४४ वरून १.१८ वर गेलेला दिसतो, यकृताबाहेरचा मात्र ०.९५ वरून १.०२, म्हणजे जवळपास जागच्या जागी. शेवटच्या दहा वर्षांत, संकेतावली बदलून झाल्यानंतर, यकृतांतर्गत प्रकाराचा वेग उलट वाढला. (२००१ च्या अभ्यासात सुरुवातीचा आकडा ०.१३ होता आणि इथे ०.४४ आहे, हेही नजरेतून सुटू नये. कोणत्या गाठी मोजायच्या याची व्याख्या बदलली की त्याच देशाचा, त्याच काळाचा आकडा बदलतो.)

कागदावरच्या वाढीचा दुसरा एक स्रोत अधिक गुंतागुंतीचा आहे. पूर्वी यकृतात ग्रंथिपेशींचा कर्करोग सापडला आणि त्याचे मूळ कुठे ते कळले नाही, तर 'मूळ स्थान अज्ञात' अशी नोंद होई. १९७० च्या दशकात सीटी स्कॅन आला, त्याच सुमारास तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेत रंगद्रव्य सोडण्याची ईआरसीपी तपासणी रुळली, १९९० च्या दशकात एमआरआयवर नलिका दिसू लागल्या आणि पेशींवरची प्रथिने रंगवून त्यांचे मूळ ओळखण्याच्या पद्धतीही सुधारल्या. त्याच चाळीस वर्षांत अमेरिकेत 'मूळ स्थान अज्ञात' या नोंदी ठळकपणे घटल्या. त्यातल्या काही यकृतांतर्गत पित्तनलिकेच्या रकान्यात सरकल्या असणार. असा रुग्ण पूर्वीही होता, फक्त त्याच्या आजाराला नाव नव्हते.

डेन्मार्कचा अनुभव तर उलटाच. तिथल्या राष्ट्रीय नोंदणीत १९७८ ते २००२ या काळात यकृतांतर्गत आणि यकृताबाहेरचा असे दोन्ही प्रकार घटलेले दिसले. म्हणून 'जगभर वाढ' असे सरसकट लिहिणाऱ्यांकडे मी जरा संशयानेच पाहतो.

जिथे कारण स्पष्ट आहे तिथे आकडेही स्पष्ट बोलतात. ईशान्य थायलंडमधल्या खोन केन प्रांतात १९९० च्या दशकात पुरुषांमध्ये हे प्रमाण लाखामागे ८० च्या वर नोंदले गेले, जगात सर्वांत जास्त. कारण एक चपटा कृमी, ओपिस्थॉर्किस व्हिवेरिनी. गोड्या पाण्यातल्या गोगलगायीतून तो माशात जातो, मासा कच्चा खाल्ला की माणसाच्या पित्तनलिकेत येऊन वर्षानुवर्षे राहतो आणि तिथला दाह धुमसत ठेवतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये त्याला मानवी कर्करोगाचे निश्चित कारण ठरवले. पुढे चीन-कोरियाकडचा क्लोनॉर्किस सायनेन्सिसही त्याच गटात गेला. प्राझिक्वांटेल या औषधाच्या मोहिमा आणि कच्चा मासा टाळण्याचा प्रचार यांमुळे थायलंडमध्ये लागण बरीच घटली. खोन केनमधला कर्करोगाचा दर मात्र पुष्कळ उशिरा, या शतकाच्या सुरुवातीनंतर, उतरू लागला. लागण आणि गाठ यांच्यात काही दशके जातात.

थोरोट्रास्टची कथा याच उशिराची. क्ष-किरण चित्रांत रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून १९३० ते १९५० च्या दशकांत हा थोरियमयुक्त द्रव टोचत. तो यकृतात कायमचा साठून राहिला आणि वीस-चाळीस वर्षांनी पित्तनलिकेचे व रक्तवाहिन्यांचे कर्करोग घेऊन परतला.

सर्वांत हादरवणारा पुंजका जपानमधल्या ओसाकाचा. २०१२ मध्ये तिथल्या एका छापखान्याच्या कामगारांमध्ये पित्तनलिकेच्या कर्करोगाचे अनेक रुग्ण असल्याचे उघड झाले. निदानाच्या वेळी बहुतेकांचे वय पंचवीस ते पंचेचाळीस, एरवी या आजारात जवळजवळ न दिसणारे. काम होते ऑफसेटवर नमुना-प्रती छापण्याचे. प्रत्येक नव्या नमुन्याआधी यंत्रावरची रबरी चादर द्रावकात भिजवलेल्या फडक्याने पुसायची, दिवसाकाठी शेकडो वेळा. खोलीत खेळती हवा नव्हती, तोंडावर योग्य मुखवटे नव्हते. द्रावकांत १,२-डायक्लोरोप्रोपेन आणि डायक्लोरोमिथेन होते. जपान सरकारने २०१३ मध्ये हा व्यवसायजन्य आजार मान्य केला, आणि पुढच्याच वर्षी १,२-डायक्लोरोप्रोपेन निश्चित कर्ककारकांच्या यादीत गेले. राष्ट्रीय सरासरीत हे काही रुग्ण कुठेच दिसले नसते. एकाच छापखान्यातली नावे शेजारी ठेवली गेली म्हणून दिसले.

ज्या देशांत ना कृमी ना अशी द्रावके, तिथल्या वाढीचे काय? सिरोसिस, हिपॅटायटिस बी आणि सी, मधुमेह, लठ्ठपणा आणि यकृतातली चरबी यांचा संबंध यकृतांतर्गत प्रकाराशी जास्त घट्ट दिसतो, बाहेरच्याशी कमी. यकृतातला वाढतो आणि बाहेरचा थांबतो, या विचित्र जोडीशी हे जुळते. पित्तनलिकांना दीर्घकाळ दाह करणारा प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस हा आजार रुग्णाचा धोका कितीतरी पटींनी वाढवतो, पण तो स्वतःच इतका विरळ की त्याने देशाचा आलेख हलत नाही. बहुसंख्य पाश्चात्त्य रुग्णांत तर ठळक असे एकही कारण सापडत नाही.

आता नोंद अचूक असण्याला उपचारांतही किंमत आली आहे. एफजीएफआर२ हे जनुक दुसऱ्या जनुकाला जोडले जाते त्या बदलावरचे पेमिगाटिनिब हे औषध २०२० मध्ये आणि आयडीएच१ या जनुकातल्या बदलावरचे आयव्होसिडेनिब २०२१ मध्ये अमेरिकेत या कर्करोगासाठी मंजूर झाले. हे दोन्ही बदल मुख्यतः यकृतांतर्गत गाठींत आढळतात. त्यामुळे पूर्वी 'अज्ञात' म्हणून सोडून दिलेल्या गाठीचे मूळ आता डॉक्टर आवर्जून शोधतात, आणि त्यानेही यकृतांतर्गत रकाना थोडा भरणार. आयसीडी ही जागतिक आरोग्य संघटनेची सर्व आजारांसाठीची संकेतावली. जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या तिच्या अकराव्या आवृत्तीत यकृताच्या दाराशी असलेल्या कर्करोगाला अखेर स्वतंत्र संकेतांक मिळाला. पण देश ती आपापल्या गतीने स्वीकारत आहेत. ज्या वर्षी एखादा देश जुनी पद्धत सोडेल, त्या वर्षी त्याच्या यकृतांतर्गत आकड्यात अचानक उतार दिसू शकतो, आणि त्याचा रुग्णांच्या खऱ्या संख्येशी काही संबंध नसेल.