लेसर अब्लेशन

खडक किंवा खनिजाच्या पृष्ठभागावर लेसरचे स्पंद मारून अतिसूक्ष्म कण उडवायचे आणि त्यांतली लेशमात्र मूलद्रव्ये व समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू) मोजायची, अशी ही विश्लेषणपद्धती. उडालेले कण हेलियमच्या प्रवाहातून अरगॉनच्या प्लाझ्मात, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायूत, जातात, तिथे त्यांचे आयन (विद्युतभारित अणू) होतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर ते वस्तुमानानुसार वेगळे करतो. ॲलन ग्रे यांनी १९८५ साली रुबी लेसर वापरून ही जोडणी प्रथम मांडली. पुढे १९३ नॅनोमीटरचे अतिनील लेसर रूढ झाले. अवरक्त किरण पारदर्शक खनिजांतून बरेचसे आरपार जातात आणि स्फटिकाचे टवके उडवतात. अतिनील किरण मात्र पृष्ठभागातच शोषले जाऊन स्वच्छ खड्डा पाडतात.

खडक दळून आम्लात विरघळवला की हाती सरासरी येते. लेसरने त्याच स्फटिकाचा गाभा आणि कडा वेगवेगळ्या मोजता येतात. झिरकॉन या खनिजातल्या युरेनियमचे सावकाश शिसे होत जाते, म्हणून दोहोंच्या गुणोत्तरावरून त्याचे वय काढता येते. त्याच्या कणावर साधारण ३० मायक्रोमीटरचा, केसाहूनही बारीक, खड्डा पाडतात. आधी लेसर बंद ठेवून पार्श्वभूमी नोंदवायची, मग मारा सुरू. पडद्यावरची युरेनियमची रेषा उडी मारून सपाट चालते. मध्येच शिशाचा सुळका आला, तर किरण बहुधा भेगेत किंवा आत अडकलेल्या परक्या खनिजात शिरलेला असतो; तेवढा तुकडा हिशेबातून वगळतात.

खरी अडचण मारा करण्यात नाही, आकड्यांवर विश्वास ठेवण्यात आहे. खड्डा खोल होत जातो तसे शिसे-युरेनियम गुणोत्तर सरकत जाते. म्हणून ज्ञात वयाचा झिरकॉन त्याच परिस्थितीत वरचेवर मोजावा लागतो; कॅनडातल्या ऑन्टारिओचा ‘९१५००’, वय सुमारे १०६.५ कोटी वर्षे, हा त्यातला प्रसिद्ध नमुना. मूलद्रव्यांसाठी ‘निस्ट ६१२’ सारखी, घटकांचे प्रमाण आधीच ठाऊक असलेली, प्रमाण काच वापरतात. दर वेळी उडणारे द्रव्य सारखे नसल्याने सिलिकॉन किंवा कॅल्शियमचे प्रमाण इलेक्ट्रॉन प्रोबने (इलेक्ट्रॉनच्या झोताने घटक मोजणाऱ्या उपकरणाने) स्वतंत्रपणे काढून त्याच्याशी मेळ घालावा लागतो. शिवाय वस्तुमान जवळपास सारखेच असल्याने वायूतला अत्यल्प पारासुद्धा शिसे-२०४ च्या जागी मोजला जातो, तर हाफ्नियम-१७६ मध्ये यटर्बियम आणि ल्युटेशियम मिसळतात.

एका वयाची अचूकता साधारण एक-दोन टक्क्यांची. वालुकाश्मातल्या शेकडो कणांचा उगम शोधायला ती पुरते. दोन थरांमधला थोडक्या काळाचा फरक ठरवायचा असेल, तर स्फटिक आम्लात विरघळवण्याची जुनी, सावकाश वाटच धरावी लागते.