पाचारणासाठीच्या प्रार्थनेची मुळे मेसिनाच्या वस्तीत

पुनरुत्थान काळाचा, म्हणजे ईस्टरच्या काळाचा, चौथा रविवार उत्तम मेंढपाळ येशूचा. त्या दिवशी जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये, आपल्या वसईतही, धर्मगुरू आणि धर्मभगिनींच्या पाचारणासाठी, म्हणजे देवाची हाक ऐकून या सेवेत येणाऱ्यांसाठी, प्रार्थना होते. हा जागतिक प्रार्थनादिन पोप सहावे पॉल यांनी सुरू केला आणि १२ एप्रिल १९६४ रोजी तो पहिल्यांदा पाळला गेला. त्याआधी १९४१ मध्ये पोप बारावे पायस यांनी धर्मगुरूंच्या पाचारणासाठी रोममध्ये एक स्वतंत्र संस्था उभी केली होती.

या प्रार्थनेचा ध्यास मात्र त्याच्याही कितीतरी आधी इटलीच्या सिसिली बेटावरच्या मेसिना शहरात एका माणसाने घेतला होता. हॅनिबल मारिया दि फ्रान्सिया यांचा जन्म १८५१ मध्ये सरदार घराण्यात झाला. साधारण सतराव्या वर्षी चर्चमध्ये पवित्र साक्रामेंतासमोर (ख्रिस्तप्रसादासमोर) बसले असताना त्यांच्या मनात एक विचार पक्का झाला: चर्चला सर्वाधिक गरज चांगल्या धर्मगुरूंची आहे आणि ते देवाकडे मागायला हवेत. पुढे मत्तयच्या शुभवर्तमानात त्यांना येशूचे तेच सांगणे सापडले. पीक अमाप आहे, कामकरी थोडे आहेत, म्हणून पिकाच्या धन्याकडे कामकऱ्यांसाठी, म्हणजे देवाच्या सेवकांसाठी, मागणे करा.

१८७८ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्याच्या थोडे आधी रस्त्यात त्यांना एक अंध भिकारी भेटला, फ्रान्चेस्को झान्कोने. कुठे राहतोस, असे विचारल्यावर त्याने आविन्योने या वस्तीचे नाव सांगितले. हॅनिबल तिथे गेले आणि मग तिथलेच झाले. बुटक्या, कोंदट खोल्यांची रांग, भीक मागणारी उघडी मुले. घरचे होते नव्हते ते त्यांनी तिथे ओतले. तेही पुरेना, तेव्हा अनाथांच्या भाकरीसाठी ते स्वतः दारोदार फिरले. मुलींसाठी १८८२ मध्ये आणि मुलांसाठी पुढच्याच वर्षी त्यांनी अनाथाश्रम काढले.

माझ्या मते सगळ्यात मोलाचे आहे ते इथेच. काही मुले वाचवताना त्यांना उरलेल्या लाखोंचा विचार छळत होता. त्यांच्यासाठी मेंढपाळ कुठून आणायचे? प्रार्थनापुस्तके चाळली, तर कामकऱ्यांसाठी एकही प्रार्थना मिळेना. मग त्यांनी स्वतः लिहिली आणि अनाथ मुलांच्या तोंडी दिली. आज पाचारणाचा विषय निघाला की आपण सेमिनरीतल्या, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयातल्या, रिकाम्या जागा मोजू लागतो. हॅनिबल यांनी आधी गरिबांची दारे मोजली होती, म्हणूनच त्यांच्या मागण्यात एवढी कळकळ होती.

१८८७ मध्ये त्यांनी धर्मभगिनींचा संघ स्थापला, १८९७ मध्ये रोगेशनिस्ट हा पुरुषांचा संघ. २८ डिसेंबर १९०८ च्या भूकंपाने मेसिना जमीनदोस्त झाले. अनाथ मुलांना घेऊन हे काम इटलीच्या पुलिया प्रांतात गेले आणि तिथेही रुजले. १९२७ मध्ये हॅनिबल वारले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १६ मे २००४ रोजी त्यांना संत घोषित केले.

दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांशिवाय रोगेशनिस्ट चौथे व्रतही घेतात: कामकऱ्यांसाठी रोज प्रार्थना करायची, ती इतरांना शिकवायची आणि मुलांमध्ये, गरिबांमध्ये स्वतः कामकरी व्हायचे.