अमेरिकेत जेडीच्या पहिल्या वर्षानंतर लॉ स्कूल बदलायचे असेल तर: पात्रता, कागदपत्रे, गुण आणि नोकरी

जेडी हा अमेरिकेतील पदवीनंतरचा तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम. लॉ स्कूल बदलण्याची खरी संधी एकदाच येते, पहिले वर्ष पूर्ण झाल्यावर. दोन वर्षे झाल्यानंतर बदली जवळजवळ अशक्य होते, कारण पदवी देणाऱ्या स्कूलला आपल्याकडे साधारण दोन वर्षांचे शिक्षण झालेले हवे असते.

पात्रता

सध्याचे स्कूल अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता असलेले हवे, पहिल्या वर्षाचे सगळे विषय पूर्ण हवेत आणि तुमच्यावर शिस्तभंगाची कारवाई नको. निवड होते ती पहिल्या वर्षाच्या गुणांवर आणि वर्गातील क्रमांकावर. एलएसएटी, म्हणजे लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा, पुन्हा द्यावी लागत नाही, जुन्या स्कोअरला फारसे वजनही उरत नाही. पहिल्या वर्षाचे गुण बहुतेक ठिकाणी कर्व्हवर, म्हणजे वर्गातील इतरांच्या तुलनेत दिले जातात. त्यामुळे जीपीएच्या (सरासरी गुणांकाच्या) आकड्यापेक्षा क्रमांक जास्त बोलतो.

अंदाज बांधायला प्रत्येक स्कूलचा '५०९ अहवाल' उघडा. तो दरवर्षी डिसेंबरमध्ये संकेतस्थळावर येतो. बदली होऊन किती विद्यार्थी आले, कोणत्या स्कूलमधून आले आणि संख्या पुरेशी असेल तर त्यांचा पहिल्या वर्षाचा जीपीए किती होता, हे त्यात असते. प्रवेश सल्लागाराला पैसे देण्याआधी हा अहवाल वाचाच.

कागदपत्रे

अर्ज एलएसएसीच्या (लॉ स्कूल प्रवेशाचे अर्ज हाताळणाऱ्या संस्थेच्या) खात्यातून जातो. पदवीची गुणपत्रके आधीच तिथे असतात. भारतीय विद्यापीठाची असतील तर त्यांचे मूल्यमापनही पहिल्या प्रवेशाच्या वेळी झालेले असते. नव्याने लागतात ती पहिल्या वर्षाची अधिकृत ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक), क्रमांकाचा दाखला, विद्यार्थी नियमित असल्याचे डीन कार्यालयाचे पत्र, रेझ्युमे, बदलीचे कारण सांगणारे निवेदन आणि शिफारसपत्रे. त्यातले किमान एक पत्र कायद्याच्या प्राध्यापकाचे असावे. त्यांना एप्रिलमध्येच विचारा, परीक्षेनंतर प्राध्यापक सापडत नाहीत.

अर्ज बहुधा दोन ठिकाणी अडतात. एक, वसंत सत्राचे गुण उशिरा लागतात आणि तोवर फाइल अपूर्ण राहते. दोन, जुन्या अर्जात दिलेली पोलीस केस किंवा शिस्तभंगाची माहिती नव्या अर्जात वेगळी लिहिली जाते. पुढे सनद देताना बार परीक्षा मंडळ हे अर्ज मागवून पडताळू शकते, म्हणून जुन्या अर्जाची प्रत समोर ठेवूनच लिहा.

गुणांचे काय होते

क्रेडिट (पूर्ण केलेल्या अभ्यासाचे एकक) येतात, गुण येत नाहीत. पहिल्या वर्षाची सुमारे ३० क्रेडिट जमा होतात, पण नव्या स्कूलचा जीपीए साधारणपणे शून्यापासून सुरू होतो. बऱ्याच ठिकाणी बदलीने आलेल्यांना वर्गात क्रमांकच दिला जात नाही, किंवा तो फक्त शेवटच्या दोन वर्षांवर काढतात. पदवीच्या वेळच्या सन्मानांचे नियमही यामुळे वेगळे लागतात, ते लेखी विचारून घ्या. नव्या स्कूलच्या पहिल्या वर्षात असलेला एखादा विषय तुमचा झालेला नसेल, तर तो दुसऱ्या वर्षी घ्यावा लागतो.

जुन्या स्कूलच्या लॉ रिव्ह्यूमधील (विद्यार्थी संपादित करत असलेल्या कायद्याच्या नियतकालिकातील) जागा आणि गुणवत्ता शिष्यवृत्ती दोन्ही जातात. नव्या ठिकाणी बदली विद्यार्थ्यांना गुणवत्ता शिष्यवृत्ती क्वचितच मिळते. पूर्ण शिष्यवृत्तीवर असाल तर बदलीची खरी किंमत दोन वर्षांची संपूर्ण फी असते.

नोकरीवर परिणाम

पहिल्या वर्षाचे गुण नव्या जीपीएत नसले तरी फर्म जुनी ट्रान्सक्रिप्ट मागतातच. मोठ्या फर्मची दुसऱ्या उन्हाळ्यासाठीची, म्हणजे दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळी कामाची, भरती आता फार लवकर होते. २०१८ मध्ये नॅल्पने (कायद्याच्या क्षेत्रातील भरतीची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या संघटनेने) भरतीच्या तारखांवरील बंधने काढल्यापासून मुलाखती अधिकाधिक लवकर होत आल्या आहेत. बदलीचा निकाल मात्र अनेकदा जून ते ऑगस्टमध्ये लागतो. म्हणून निकालाची वाट न पाहता जुन्या स्कूलच्या नावावर फर्मकडे थेट अर्ज करा आणि प्रवेश मिळताच त्यांना कळवा. जॉर्जटाउनसारखी काही स्कूल पहिल्या सत्राच्या गुणांवर लवकर निर्णय देतात, तो मार्ग इथे मोलाचा ठरतो.

आमचे मत स्पष्ट आहे. न्यूयॉर्क किंवा वॉशिंग्टनमधील मोठ्या फर्म तुमच्या सध्याच्या स्कूलमध्ये येतच नसतील, तर बदली उपयोगाची. ज्या शहरात वकिली करायची तिथलेच स्कूल असेल, वर्गात पहिल्या पाच टक्क्यांत असाल आणि लॉ रिव्ह्यूवर असाल, तर राहणेच बहुधा चांगले. न्यायाधीशांकडील क्लर्कशिपसाठी (त्यांचा कायदा सहायक म्हणून ठरावीक मुदतीच्या कामासाठी) प्राध्यापकांची ओळख लागते आणि ती नव्या ठिकाणी पुन्हा कमवावी लागते.

एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर

सेव्हिस, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी संगणक प्रणालीतील, नोंद नव्या स्कूलकडे हलवावी लागते. नोंद हलवण्याची तारीख तुमच्या स्कूलमधील व्हिसा अधिकाऱ्याशी बोलून ठरवा आणि ती उन्हाळी कामानंतरची ठेवा. जुन्या स्कूलने दिलेली सीपीटी परवानगी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची परवानगी) त्या तारखेला संपते आणि पुढचे काम बेकायदा ठरते. नवा आय-२० (व्हिसासाठी स्कूल देते ते प्रवेशाचे प्रमाणपत्र) हाती येईपर्यंत जुना प्रवेश सोडू नका. सत्र सुरू झाल्यापासून १५ दिवसांत नव्या स्कूलमध्ये हजेरी नोंदवा.

भारतात परतून वकिली करायची असेल, तर ज्या विद्यापीठाची पदवी मिळणार त्याला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का, हे अनामत भरण्याआधी तपासा. परदेशी पदवीधारक भारतीयांना कौन्सिलची पात्रता परीक्षा द्यावी लागते.