परसबाग (सातारा–सांगली परिसर)

घराच्या मागील किंवा बाजूच्या मोकळ्या जागेत घरच्या वापरापुरती भाजी, फुले, औषधी वनस्पती आणि एखाददुसरे फळझाड लावून केलेली लहान बाग म्हणजे परसबाग. ‘परस’ म्हणजे घरामागची मोकळी जागा. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील बोलीत तिला ‘परडं’ म्हणतात. शेत आणि परडे यांतला भेद केवळ आकाराचा नाही. शेतात काय लावायचे ते बाजार ठरवतो, तर परड्यात काय लावायचे ते घरातल्या बाईचा स्वयंपाक, देवघरातील पूजा आणि शेजारणीने दिलेले बी ठरवते. शिवाय शेताला पाणी मुद्दाम आणावे लागते, परड्याला ते घरातूनच वाहून येते. हा दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे, कारण या परिसरातील परसबागेची मांडणी, तिच्यातील पिके आणि तिची दुखणी या तिन्हींचा उलगडा बहुतांशी पाण्यावरून होतो.

पाऊस आणि माती

महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तेथून सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटरवर असलेल्या माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास राहतो. खटाव, आटपाडी, जत आणि कवठेमहांकाळ या तालुक्यांची स्थिती माणसारखीच आहे. त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांसाठी परसबागेचे एकच वेळापत्रक सांगणे फसवे ठरते. महाबळेश्वर, जावळी आणि पाटणच्या डोंगरी भागात पावसाळ्यात पाणी देण्यापेक्षा ते काढून देणे हेच काम असते. तेथील जांभ्या, आम्ल मातीतून अन्नद्रव्ये धुऊन जातात आणि उंच गादीवाफे केल्याशिवाय मिरची-वांग्याची रोपे मर लागून जातात. पूर्वेकडील मुरमाड, उथळ जमिनीत याच्या उलट वाफे खोलगट ठेवून पावसाचा थेंबन् थेंब आत जिरवावा लागतो. मधल्या पट्ट्यात, म्हणजे वाई, कराड, वाळवा, पलूस, सांगली असा कृष्णेचा काठ धरून खाली येताना, काळी कसदार जमीन लागते. नदीने आणून टाकलेल्या गाळाच्या जमिनीला येथे ‘मळी’ म्हणतात आणि कृष्णाकाठच्या वांग्यांची ख्याती याच जमिनीमुळे आहे. (साखर कारखान्यातून निघणाऱ्या चोथ्यालाही लोक मळीच म्हणतात आणि तोही खत म्हणून परड्यात येतो, त्यामुळे ‘मळी घातली’ या वाक्याचा अर्थ गावागावांत विचारून घ्यावा लागतो.)

न्हाणीचे पाणी

जुन्या घरांत न्हाणीचे पाणी भिंतीतल्या मोरीतून थेट परड्यात पडत असे आणि त्या मुखाशी काय लावायचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले होते. सगळ्यांत पुढे अळू व कर्दळ, त्यांच्या मागे केळ, मग थोड्या अंतरावर लिंबू, पपई किंवा कडीपत्ता. अळू आणि कर्दळ यांना सतत ओल सोसते, किंबहुना तीच लागते. केळीची पाण्याची भूक मोठी असते. लिंबाला आणि पपईला मात्र बुंध्याशी साचलेले पाणी चालत नाही, म्हणून ती लांब आणि किंचित उंचवट्यावर लावली जात. सांडपाण्याची विल्हेवाट लावणारी इतकी साधी आणि खाण्याजोगी व्यवस्था नंतरच्या बंद गटारांना साधलेली नाही, असे म्हणायला हरकत नाही. अळूतही भाजीचे आणि वडीचे असे दोन प्रकार घरोघर वेगळे राखले जातात. वडीसाठी काळपट देठाचे पान घेतात. दोन्हींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असल्याने घसा खवखवतो आणि म्हणूनच या भाजीत चिंचेसारखे आंबट घालतात.

या पाण्याचा हिशेबही मांडता येतो. पाच माणसांच्या घरात अंघोळीला माणशी एक बादली धरली, तरी दिवसाला ७५ ते १०० लिटर पाणी बाहेर पडते. कडक उन्हाळ्यात एका चौरस मीटर वाफ्याला दिवसाकाठी साधारण ५ ते ६ लिटर पाणी लागते. म्हणजे एका कुटुंबाच्या अंघोळीवर पंधरा चौरस मीटरची बाग मे महिन्यातही जगू शकते. वाफ्यावर उसाचे पाचट, म्हणजे वाळलेली पाने, अंथरले, तर त्याहून थोडी अधिकच. पाचट हे या भागातले हाताशी असलेले सर्वोत्तम आच्छादन आहे आणि ते फडातच पेटवून देण्याच्या सवयीची हळहळ परसबाग करणाऱ्यालाच अधिक वाटते. कपडे धुतलेल्या पाण्याची गोष्ट वेगळी आहे. धुण्याच्या पावडरीतील सोडियममुळे चिकणमातीची घडण बिघडते, ती ओली असताना चिखल आणि सुकल्यावर दगड होते. असे पाणी पालेभाज्यांना न देता केळीला, तेही अधूनमधून, द्यावे. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी मात्र कशालाही चालते.

भाज्यांचा क्रम

परड्याचे वर्ष अक्षय्य तृतीयेला सुरू होते. त्या दिवशी वेलभाज्यांसाठी आळी, म्हणजे बी लावायचे खोलगट खड्डे, करण्याची प्रथा आहे आणि सांगलीकडील शेतकरी हळदीची लागणही याच मुहूर्तापासून धरतात. हळद हे सांगलीचे मोठे नगदी पीक असले, तरी परड्याच्या कोपऱ्यात, झाडाच्या विरळ सावलीत तिचे चार-सहा कंद घरोघरी असतात. सुमारे नऊ महिन्यांनी पाने वाळली की ती काढतात. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज येथे हळदीचे संशोधन चालते आणि ‘फुले स्वरूपा’ हा वाण तेथलाच. साताऱ्याकडे हळदीच्या जागी आले दिसते. कोरेगाव भागातील वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालेले असले, तरी परड्यातला घेवडा बहुधा वेलीचा असतो आणि तो कुंपणावर चढवलेला असतो.

मृगाचा पाऊस झाल्यावर भेंडी, गवार, दोडका, कारले, घोसावळे, पडवळ आणि भोपळा जोमाने वाढतात. पालेभाज्यांना खरा बहर हिवाळ्यात येतो. मेथी, शेपू, चाकवत, करडई, पालक आणि कोथिंबीर दिवाळीच्या आगेमागे पेरली, तर संक्रांतीपर्यंत बाजारातून भाजी आणावी लागत नाही. मात्र सगळे बी एकाच दिवशी न टाकता दर दहा-बारा दिवसांनी एक फूटभर पट्टा पेरावा, नाहीतर मेथी एकदम येते आणि घरातली माणसे तिला कंटाळतात. उन्हाळ्यात माठ, तांदळी, चुका आणि अंबाडी यांच्यावरच भिस्त ठेवावी. शेवगा दाराशी लावू नये असे म्हणतात. त्यामागे शकुनापेक्षा त्याच्या ठिसूळ फांद्या आणि खोडावर गोळा होणाऱ्या केसाळ अळ्या हे कारण अधिक पटते.

वेलांचा मांडव हा परसबागेचा सर्वांत देखणा भाग असतो आणि सर्वाधिक तक्रारीही त्याच्याच असतात. ‘फुले भरपूर, फळ एकही नाही’ ही त्यांतली नेहमीची तक्रार. भोपळ्याच्या कुळातील बहुतेक वेलांना नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात आणि पहिले काही दिवस केवळ नर फुलेच उमलतात, हे ठाऊक असले, तर धीर धरता येतो. त्यानंतरही फळ धरत नसेल, तर परागीकरण हाताने करावे लागते आणि त्यासाठी वेळ पाळावी लागते. तांबडा भोपळा, कारले व काकडी यांची फुले पहाटे-सकाळी उमलतात, दोडका व दुधी यांची मात्र संध्याकाळी. सकाळी दुधीच्या मांडवाखाली ब्रश घेऊन उभे राहण्यात काही हशील नाही. मादी फुलाच्या देठाशी इवलेसे फळ आधीच दिसते, त्यावरून ते ओळखू येते. दुधीचे कडू निघालेले फळ थोडेसुद्धा खाऊ नये; त्यातील कुकरबिटासिन हे द्रव्य विषारी असते आणि शिजवूनही ते जात नाही. मिरजेच्या तंबोऱ्यांना लागणारे मोठे भोपळे याच कुळातले. ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात.

फुले

तुळस, जास्वंद, तगर, कण्हेर, सदाफुली आणि पारिजातक ही देवपूजेची झाडे घरोघरी असतात. गजऱ्याची फुले अधिक लाडाची असतात. मोगऱ्याला हिवाळ्यात काही आठवडे पाणी तोडून, पाने उतरवून छाटणी केली आणि मग खत-पाणी सुरू केले, तर चैत्र-वैशाखात तो भरभरून येतो. वर्षभर सारखे पाणी घातलेला मोगरा नुसता पाला वाढवतो. अबोलीचे वाळलेले बोंड ओले झाले की फट्‌कन फुटून बी उडवते, म्हणून ती एकदा लावली की आपली आपण पसरते. शेवंती हे लहान दिवसांचे झाड आहे: दिवस आखडू लागले की तिला कळ्या धरतात. रस्त्याच्या दिव्याखालची शेवंती त्यामुळे हिरवीगार राहते, पण फुलत नाही, आणि घरची मंडळी खताला दोष देत बसतात. दसऱ्याला झेंडू हवा असेल, तर रोपे दसऱ्याच्या सुमारे दोन महिने आधी वाफ्यात गेली पाहिजेत. झेंडूच्या मुळांतून स्रवणारी द्रव्ये जमिनीतील सूत्रकृमींना, म्हणजे मुळांना लागणाऱ्या सूक्ष्म कृमींना, मारक असल्यामुळे टोमॅटो आणि वांग्याच्या कडेने त्याची रांग लावणे शहाणपणाचे आहे.

सणांचा परसबागेशी असलेला संबंध फुलांपुरता नाही. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही असा नियम आहे. नांगरटीच्या शेतातले काहीच चालत नसल्याने त्या दिवशीची मिसळ भाजी हाताने खणलेल्या परड्यातूनच यावी लागते: अळू, माठ, भोपळा, पडवळ, दोडका, भेंडी, जे वेलीवर असेल ते. श्रावण-भाद्रपदात परडे भरलेले असते आणि नियमही नेमका तेव्हाच येतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

बी, खत आणि कीड

बी राखणे हे बहुतांशी बायकांचे काम राहिले आहे. घोसावळे व दोडका वेलीवरच वाळू देतात; भोपळ्याचे बी शेणात थापून भिंतीला लावण्याची पद्धत होती; डाळीचे व घेवड्याचे बी राखेत घोळून मडक्यात ठेवतात. दुकानातून आणलेल्या संकरित वाणाचे बी मात्र राखून उपयोग नसतो, कारण पुढच्या पिढीत गुण फुटतात.

खतासाठी उकिरडा, शेणखत आणि आता गांडूळ खत वापरले जाते. मावा पडल्यास सकाळच्या दवावर चुलीची राख फुंकणे हा जुना उपाय चालतो, परंतु राख अल्कधर्मी असते आणि कृष्णाकाठची काळी माती मुळातच अल्कधर्मी व चुनखडीयुक्त आहे. तेथे ती मातीत ओतत राहिल्यास नुकसानच होते. मोगरा, जास्वंद आणि लिंबाची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ते याच चुनखडीमुळे झाडाला लोह न मिळाल्याचे लक्षण होय. त्यावर हिराकशीच्या (फेरस सल्फेटच्या) विरळ द्रावणाची फवारणी लागू पडते. पांढरी माशी, तुडतुडे आणि पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबण घालून फवारतात. वांग्याचा पोखरलेला शेंडा मात्र खुडून नष्ट करावा. आत शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही.

बाहेरून आलेल्या भाज्या

बटाटा, कोबी, गाजर यांसारख्या भाज्या डोंगरावरून खाली उतरल्या. महाबळेश्वरला १८३४ ते १८६४ या काळात चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता आणि तेथील कैद्यांनी बटाटा व इतर विलायती भाज्यांची लागवड केली. महाबळेश्वर-पाचगणीच्या घरांभोवती आज दिसणारी स्ट्रॉबेरीची रांग ही तेथील थंड हवामानाची देणगी. सांगलीच्या उन्हात ती कुंडीतही तग धरत नाही.

क्षार आणि पूर

ऊस पट्ट्यात अतिरिक्त पाण्याने जमिनी क्षारपड झाल्या, त्याची झळ परड्यांनाही बसली आहे. विंधनविहिरीचे जड पाणी वर्षानुवर्षे घातलेल्या कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो आणि पानांच्या कडा करपतात. अशा ठिकाणी घेवड्याचा नाद सोडावा, तो क्षारांना सर्वांत आधी बळी पडतो. पालक आणि बीट बऱ्यापैकी सोसतात. खालून निचरा होत असेल, तरच भरपूर पाणी देऊन क्षार धुता येतात. निचरा नसेल, तर तेच पाणी क्षार पुन्हा वर आणते.

गच्चीवर बाग करणाऱ्यांनी वजनाचा विचार आधी करावा. फूटभर जाडीची ओली माती एका चौरस मीटरला ५०० किलोंच्या आसपास भरते. म्हणून गच्चीवर पालापाचोळा, कुजलेले पाचट आणि कोकोपीट यांचे हलके मिश्रण वापरतात.

नदीकाठच्या परसबागा पुराचेही भक्ष्य होतात. सांगलीत कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि कित्येक वस्त्यांतली परडी अनेक दिवस पाण्याखाली राहिली. अशा वेळी पपई सर्वांत आधी जाते, कारण तिच्या मुळांना हवेवाचून एक-दोन दिवसही काढता येत नाहीत. पाठोपाठ मिरची, वांगी आणि हळदीचे कंद कुजतात. पाणी ओसरल्यावर बुंध्यांभोवतीचा गाळ लवकर मोकळा करावा लागतो, नाहीतर वाचलेले लिंबूही गुदमरते. पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असल्याने उभी राहिलेली पालेभाजी खाऊ नये, ती उपटून खड्ड्यात घालावी. त्या गाळातून पहिले हिरवे पान वर काढतात ती मोरीच्या तोंडाशी लावलेली अळू आणि कर्दळ.