काट्याला बिट किती लागतात?

किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा उघडला तर ताटाखाली ॲल्युमिनियमचा एक ठोकळा दिसतो. मधोमध आरपार भोक, वर पांढऱ्या सिलिकॉनचा लपका, आणि एका बाजूने निघालेल्या चार तारा: लाल, काळी, हिरवी, पांढरी. हा लोड सेल. सिलिकॉनखाली चार स्ट्रेन गेज चिकटवलेले असतात. स्ट्रेन गेज म्हणजे प्लास्टिकच्या पापुद्र्यावरची धातूची नागमोडी रेघ. वजनाने ठोकळा किंचित वाकतो, रेघ ताणली जाते आणि तिचा विद्युत रोध वाढतो. 1938 मध्ये अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांना, एकाला दुसऱ्याचा पत्ता नसताना, ही युक्ती सुचली.

वाढतो म्हणजे किती? 350 ओहमचा गेज हजारात एक भाग ताणला, तर फक्त 0.7 ओहम. एवढासा फरक पकडण्यासाठी चारही गेज व्हीटस्टन ब्रिजमध्ये, म्हणजे चार रोधांच्या चौकोनात, जोडतात. लाल-काळ्या तारांतून वीज द्यायची, हिरव्या-पांढऱ्या तारांतून सिग्नल घ्यायचा. सेलच्या कागदावर बहुतेक वेळा ‘2 मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, 5 व्होल्ट देऊन पूर्ण क्षमतेइतकं वजन ठेवलं की बाहेर 10 मिलिव्होल्ट मिळणार. सेल 40 किलोचा असेल तर एका ग्रॅमच्या वाट्याला पाव मायक्रोव्होल्ट येतो.

आता हा सिग्नल आकड्यात आणायचा. हे काम एडीसीचं, म्हणजे ॲनलॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टरचं. अर्डुइनो उनो आर3 या हौशी लोकांच्या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डात एक एडीसी असतोच, 10 बिटांचा. एक बिट वाढला की भाग दुप्पट होतात, त्यामुळे तो 5 व्होल्टचे 1024 भाग करतो, म्हणजे एक पायरी जवळजवळ 4.9 मिलिव्होल्टची. आपला अख्खा सिग्नल 10 मिलिव्होल्टचा. सेल थेट जोडला तर वीसेक किलोची गोणी ठेवेपर्यंत आकडा हलणारच नाही!

म्हणून बहुतेक हौशी मंडळी एचएक्स711 ही चिप लावलेलं छोटं मॉड्यूल घेतात. स्वस्त आहे आणि खरंच चांगलं आहे. यात 128 पट गेनचा, म्हणजे सिग्नल तितक्या पट मोठा करणारा, ॲम्प्लिफायर आहे आणि मागे 24 बिटांचा एडीसी. 24 बिट म्हणजे 1 कोटी 67 लाखांहून जास्त भाग. 128 गेनवर, 5 व्होल्ट पुरवठ्याला, ही चिप उणे 20 ते अधिक 20 मिलिव्होल्ट मोजते. म्हणजे एक पायरी 2.4 नॅनोव्होल्टची. आपल्या 40 किलोच्या सेलवर ही पायरी एका ग्रॅमचा शंभरावा भाग ठरते. जाहिरातीत हेच छापतात.

डेटाशीट, म्हणजे चिपचं माहितीपत्रक, थोडं पुढे वाचलं की खरा हिशेब कळतो. सेकंदाला 10 वाचनांच्या वेगाला या चिपचा स्वतःचा नॉइज, म्हणजे वजन न हलताही आकड्यात होणारी थरथर, 50 नॅनोव्होल्ट आरएमएस आहे. आरएमएस ही एक प्रकारची सरासरी. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत आकडा किती नाचेल हे पाहायचं तर त्याला साधारण 6.6 ने गुणतात: 330 नॅनोव्होल्ट. आपल्या सेलवर हे झाले 1.3 ग्रॅम. पायरी 0.01 ग्रॅमची आणि थरथर 1.3 ग्रॅमची! 10 मिलिव्होल्टला 330 नॅनोव्होल्टने भागलं तर स्थिर असे 30,000 भाग मिळतात, म्हणजे जेमतेम 15 बिट. खोक्यावरच्या 24 पैकी बाकीचे, या सेलपुरते तरी, शोभेचे.

हा एकट्या या चिपचा दोष नाही. 350 ओहमच्या रोधात नुसत्या खोलीच्या उष्णतेने इलेक्ट्रॉन जी धावपळ करतात, तिचाच नॉइज या वेगाला पाचेक नॅनोव्होल्ट भरतो. 2.4 नॅनोव्होल्टची पायरी त्याच्याही खाली आहे. तिथे कितीही महागडी चिप आणली तरी एका वाचनात ती पायरी दिसायची नाही.

तेव्हा निवड उलट्या टोकाकडून करावी: काट्यावर काय दाखवायचंय? 30 किलोचा, 5 ग्रॅमच्या टप्प्याचा काटा म्हणजे 6000 भाग. आकडा चंचल वाटू नये म्हणून आतून त्याच्या पाच-दहा पट बारीक मोजावं, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे एक ते अर्धा ग्रॅम. थरथर 1.3 ग्रॅमची आहे, पण चार वाचनांची सरासरी घेतली की ती निम्मी होते. काम भागलं. सोळांची घेतली तर पाव होईल, पण दीड सेकंद जाईल आणि गिऱ्हाईक ताटकळेल. याहून बारीक मोजायचं असेल तर एडीएस1232 सारखी चिप घ्यावी. तिचा नॉइज याच वेगाला 17 नॅनोव्होल्टच्या आसपास आहे. उलट 60 टनांच्या, 20 किलोच्या टप्प्याच्या वजनकाट्याला 3000 भागच लागतात. उसाची गाडी तोलताना अडचण होते ती प्लॅटफॉर्मखाली अडकलेल्या चिखलाची आणि डुलणाऱ्या गाडीची. ऊसपट्ट्यात ज्या काटामारीची चर्चा दर हंगामात होते, तिचंही उत्तर जास्त बिटांत सापडणार नाही.

आता वेग. एचएक्स711 ला ‘रेट’ नावाची एक पिन आहे: सेकंदाला 10 किंवा 80 वाचनं. मनात येतं, 80 का नको? ही चिप डेल्टा-सिग्मा जातीची आहे. जपानच्या इनोसे आणि यासुदा यांनी 1962 मध्ये मांडलेली ही पद्धत एक ओबडधोबड मोजणी अतिशय वेगाने करत राहते आणि फिल्टरने त्यातून एक बारीक आकडा काढते. 10 च्या वेगाला ही गाळणी 100 मिलिसेकंदांच्या हिशेबाने चालते. आपल्याकडच्या 50 हर्ट्झ विजेची त्या वेळात बरोबर पाच आवर्तनं होतात, आणि पूर्ण आवर्तनाची बेरीज शून्य. पंखा, ट्यूब, चार्जर यांची गुणगुण आपोआप पुसली जाते. (अमेरिकेतल्या 60 हर्ट्झचीही सहा पूर्ण बसतात, म्हणून हा आकडा इतका लोकप्रिय.) 80 ला प्रत्येक वाचनाला 12.5 मिलिसेकंदच मिळतात, आवर्तन अर्धवट कापलं जातं आणि गुणगुण आत शिरते. शिवाय नॉइज 90 नॅनोव्होल्टवर जातो. पिशव्या भरणाऱ्या यंत्राला मात्र 80 च हवं, कारण 10 च्या वेगाला नवं वजन पूर्ण स्थिरावायला 400 मिलिसेकंद लागतात. हवं तेव्हा ओळीने आठ वाचनांची सरासरी घेतली की 100 मिलिसेकंद पुन्हा भरतात.

पुरवठ्याबाबत बऱ्याच जणांची समजूत उलटी असते. एडीसीला वेगळा, अतिशय अचूक रेफरन्स, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून तो मोजतो ते व्होल्टेज, दिला की काटा अचूक होईल असं वाटतं. होतं उलटंच. ब्रिजला आणि एडीसीला एकच व्होल्टेज द्यावं. ते 5 वरून 4.9 वर घसरलं तर सिग्नल दोन टक्क्यांनी कमी होतो, पण मोजपट्टीही दोन टक्क्यांनीच आखडते. गुणोत्तर तेच राहतं. रेफरन्स वेगळा ठेवला तर पुरवठ्यातली प्रत्येक घसरण वजनात दिसते.

आणि चार तारांच्या सेलची केबल लांब वाटली तरी कापू नका, गुंडाळून ठेवा. कारखान्यात सेलचं कॅलिब्रेशन त्या केबलच्या रोधासकट केलेलं असतं. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो, त्यामुळे केबल फारच लांब न्यायची असेल तर सहा तारांचा सेल घ्यावा. त्यातल्या जादा दोन तारा ब्रिजपाशी प्रत्यक्ष किती व्होल्ट पोचले ते एडीसीच्या रेफरन्सला कळवतात.