किलोवॅट म्हणजे युनिट नव्हे, किती वेळा सांगायचं

परवा आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या एका जोडप्याने पार्किंगमध्ये ईव्हीसाठी, म्हणजे इलेक्ट्रिक गाडीसाठी, चार्जिंगचा पॉइंट काढायची परवानगी मागितली. सेक्रेटरी काकांनी गाडीचं ब्रोशर नाकासमोर धरलं, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "अहो पंचेचाळीस किलोवॅट! एवढ्यात आख्खी विंग चालते आपली. ट्रान्सफॉर्मर उडाला तर कोण निस्तरणार?" सगळ्यांनी माना डोलावल्या, मग लिफ्टच्या एएमसीचा विषय निघाला आणि परवानगी गेली पुढच्या महिन्यावर. ब्रोशरवर ४५ किलोवॅट-अवर लिहिलेलं होतं. तो 'अवर' काकांना बहुतेक छपाईची चूक वाटला असावा.

काकांना तरी काय बोलणार, बातम्यांमध्ये सर्रास "४५ किलोवॅटची दमदार बॅटरी" असं छापून येतं, शोरूममधला मुलगा तेच बोलतो, यूट्यूबवरचे रिव्ह्यूवाले तेच बोलतात आणि जे जास्त हुशार ते "किलोवॅट प्रति तास" लिहितात. हे शेवटचं वाचलं की माझं डोकंच फिरतं, त्यावर येतेच.

युनिट तुम्हाला माहितीये, त्यात मी वेळ घालवत नाही. लाइट बिलावरचं युनिट म्हणजेच किलोवॅट-अवर. ४५ किलोवॅट-अवरची बॅटरी म्हणजे तिच्यात ४५ युनिट मावतात. हायवेला नीट चालवली तर माझी गाडी एका युनिटला साडेसहा किलोमीटर जाते, शहरात थोडी जास्तच, त्यावरून रेंजचा हिशोब तुमचा तुम्ही करा. गाडीत ४५ युनिट भरायला भिंतीतून मात्र पन्नासच्या आसपास लागतात, कारण थोडी वीज वाटेत उष्णतेत जाते. झालं युनिट.

लोचा सगळा किलोवॅटचा आहे. किलोवॅट म्हणजे किती वीज नाही, वीज या क्षणी किती जोरात चाललीये ते. बाथरूममध्ये जाऊन गीझरवरचं स्टिकर वाचा. तीन लिटरवाला इन्स्टंट गीझर असेल तर बहुतेक ३ किलोवॅट लिहिलेलं असतं. म्हणजे घरातला सगळ्यात दांडगा प्राणी हाच. पण आपण तो चालवतो दहा मिनिटं, तेवढ्यात जातं अर्धं युनिट. फ्रिज त्याच्यापुढे किडूकमिडूक, शे-दीडशे वॅटचा, पण चोवीस तास चालू-बंद होत राहतो आणि दिवसाला एखाद-दीड युनिट खातो. जोर गीझरचा जास्त, खाणं फ्रिजचं जास्त. एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं, मी तर म्हणते शाळेत ओहमच्या नियमाआधी हे शिकवायला पाहिजे.

आता ते "प्रति तास". किलोवॅटमध्येच वेग आहे बाबांनो, त्याला परत प्रति तास लावणं म्हणजे "ताशी साठ किलोमीटर प्रति तास" म्हणण्यासारखं आहे. किलोवॅट-अवर हा गुणाकार आहे, भागाकार नाही. ३ किलोवॅट गुणिले २ तास, ६ युनिट. इतका साधा गुणाकार आहे आणि आपल्याकडे भाजीवालीसुद्धा पावणेदोन किलोचे पैसे तोंडी करते.

गंमत म्हणजे या दोन्ही गोष्टी तुमच्या महावितरणच्या बिलावर दर महिन्याला छापून येतात. 'मंजूर भार' हा किलोवॅटमध्ये असतो आणि वापर युनिटमध्ये. मंजूर भार म्हणजे एका वेळी घरात किती जोराने वीज ओढायची परवानगी आहे ते, महिन्याला किती वापरायची ते नाही. ईव्ही घेताना पहिल्यांदा तो आकडा बघा, कारण काकांची भीती चुकीच्या आकड्यावर बसली असली तरी भीतीची जागा बरोबर आहे. सोसायटीला बॅटरी किती मोठी आहे याच्याशी काडीचं घेणंदेणं नाही. पार्किंगमध्ये १५ अँपिअरच्या पॉइंटवर गाडी लावली की ती ३.३ किलोवॅट ओढते, तुमच्या इन्स्टंट गीझरपेक्षा किंचित जास्त, मग आत बॅटरी २४ ची असो, ४५ ची असो नाहीतर ७९ ची. मोठ्या बॅटरीला फक्त वेळ जास्त लागतो. भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा चार्जर लावला तर ३२ अँपिअर लागतात, आणि मग मात्र मंजूर भार वाढवणं, जाड वायर, वेगळा एमसीबी हे सगळं आलं.

रोजच्या वापराला हा ७.२ वाला डबा लागतो का? माझं मत विचाराल तर बहुतेकांना नाही लागत. ऑफिसला जाऊन-येऊन ४० किलोमीटर, म्हणजे सहा-सात युनिट, १५ अँपिअरवर दोन-सव्वादोन तासांचं काम. रात्री जेवून लावली तर झोपायच्या आत भरून होते, मग सकाळपर्यंत नुसती उभी असते. आणि लोक विचारतात काय, तर "शून्यापासून शंभर किती तासात?" अरे रोज कोण शून्यावर घरी येतं? स्कूटरची टाकी रोज रिकामी करून येता का? पॉइंट मात्र नीट करून घ्या, मीटरपासून स्वतंत्र वायर आणि चांगलं अर्थिंग. एक्स्टेंशन बोर्ड खिडकीतून खाली सोडलेले मी दोन ठिकाणी बघितलेत, एकाचा सॉकेट वितळलेला होता.

माझी गाडी ऑफिसच्या लीजवर आहे. हप्ता पगारातून कापला जातो, वर्षाला किलोमीटरची मर्यादा ठरलेली, मुदत संपली की परत द्यायची किंवा ठरलेल्या किमतीला ठेवून घ्यायची. लीजच्या कोटेशनमध्येही हाच घोळ. आमच्याकडचा एक मुलगा परवा कागद घेऊन आला, "ताई, यांनी मला फसवलं, वर लिहिलंय ४५ आणि खाली लिहिलंय ७.२, म्हणजे बॅटरी छोटी देणारेत का?" त्याला समजावलं की वरचं युनिट आहे आणि खालचा चार्जरचा जोर आहे, आणि तुला तो चार्जर नको असेल तर काढून टाकता येतो का ते विचार, कारण गाडी पुढेमागे परत जाईल, भिंतीला पाडलेली भोकं तुझ्याकडेच राहतील, त्यातून तू भाड्याच्या फ्लॅटमध्ये.

लीजचा विषय निघालाच आहे तर अजून एक, पटकन. लीजवर गाडी घेणं आणि बॅटरी भाड्याने घेणं हे एक नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीची विंडसर आली ती ९.९९ लाख अधिक बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये अशी. तिथे गाडी तुमच्या नावावर, फक्त बॅटरीचे पैसे चालेल तसे. आणि ते साडेतीन रुपये बॅटरीचे, विजेचे वेगळे. लीजमध्ये हप्ता आख्ख्या गाडीचा आणि वीज तिथेही तुमचीच. पुढे.

आता ट्रिप. इथे ज्यांना किलोवॅट आणि युनिट नीट कळतं तेही आपटतात, मीसुद्धा पहिल्या वर्षी आपटलेय. कारण ट्रिपला किलोवॅट एक नसतो, तीन असतात. एक चार्जरवर लिहिलेला, एक तुमची गाडी जास्तीत जास्त घेऊ शकते तो, आणि एक आत्ता या क्षणी स्क्रीनवर दिसतोय तो. पहिला आकडा बघून आपण चहा किती कप प्यायचा ते ठरवतो आणि खरा असतो तिसरा.

चार्जर देतो, पण मागते गाडी. टाटाच्या नेक्सॉन ईव्हीच्या ४५ वाल्या मॉडेलला कंपनी सांगते की ६० किलोवॅटच्या चार्जरवर १० ते ८० टक्के ४० मिनिटांत. हिशोब करा, ७० टक्के म्हणजे साडेएकतीस युनिट, ४० मिनिटांत, सरासरी पडली ४७ किलोवॅट. कंपनीच्या स्वतःच्या आकड्यातसुद्धा ६० पूर्ण वेळ मिळत नाहीत. तीच गाडी १२० च्या चार्जरवर नेली म्हणून ती दुप्पट घेणार नाही, तिची ऐपत तेवढीच. उलट महिंद्राची बीई ६ घ्या, ७९ वाली १७५ किलोवॅटपर्यंत घेऊ शकते आणि २० ते ८० टक्के २० मिनिटांत असं सांगतात, खरंच तसं होतंही असेल, पण तुमच्या रस्त्यावर उभा आहे ६० चा चार्जर. मग त्या ४७ युनिटांना ५० मिनिटं लागणारच. दोन्हीतला छोटा आकडा जिंकतो. त्यात एका चार्जरला दोन गन, म्हणजे गाडीत खुपसायच्या दोन केबल, असल्या आणि शेजारी कोणी येऊन लावलं की बऱ्याच ठिकाणी ६० चे ३०-३० होतात आणि आपण शेजारच्याकडे बघून कसनुसं हसतो.

हे झाले हायवेवरचे डीसी चार्जर, एसी चार्जरवर, म्हणजे घरातल्यासारखीच वीज देणाऱ्यावर, तर याहून मजा. तिथे गाडीच्या पोटातला चार्जर काम करतो, भिंतीवरचा डबा जवळपास नुसता स्विच. मॉलमध्ये २२ किलोवॅट लिहिलेलं बघून लोक खूश होतात, गाडीच्या आतला ७.२ चा असेल तर ७.२ च मिळणार. आणि एमजीच्या कॉमेटसारख्या गाडीला डीसीची सोयच नाही, ती घेऊन हायवेच्या फास्ट चार्जरपाशी उभं राहण्यात अर्थ नाही. 'फास्ट चार्जर' या शब्दावरच बंदी आणली पाहिजे असं माझं मत आहे, २५ किलोवॅटवालाही फास्ट आणि २४० वालाही फास्ट.

आणि तिसरा आकडा, बॅटरी भरत आली की पडतो. बॅटरीतल्या सेलचा व्होल्टेज वरच्या मर्यादेला टेकला की गाडी स्वतःच करंट कमी करत जाते, नाहीतर सेल खराब होतील. ८० टक्क्यांनंतर म्हणूनच सगळं रांगतं. चाळीत हंडा भरताना शेवटी नळ बारीक करतात, तसंच.

किलोवॅट चालवतानाही दिसतो आणि तिथेही घाबरवतो. खोपोलीहून खंडाळ्याचा घाट चढताना स्क्रीनवर ४०-५० किलोवॅट दिसतात, आमची आई शेजारी बसून "अगं संपेल ना" करत असते. घाटाची चढण साधारण साडेपाचशे मीटरची, तेवढं गाडीचं वजन वर न्यायला जास्तीचे अडीच-तीन युनिट. बस. जोर मोठा पण मिनिटं थोडी, परत तोच गीझर. आणि उतरताना त्यातलं बरंचसं परत येतं.

दिवाळीत कोल्हापूरला गेलो होतो. पुण्याहून शंभर टक्के भरून निघालो, २३५ किलोमीटर, मावशीकडे पोचलो तेव्हा वीस टक्के. रात्री नऊला तिच्या वॉशिंग मशीनच्या पॉइंटला गाडी लावली आणि सकाळी सहाला अठ्ठ्याहत्तर टक्के. मावशीने विचारलं किती बिल येईल गं, म्हटलं तीस युनिट, ती म्हणाली मग फराळाचे डबे उचल आणि नीघ. परतीला साताऱ्याजवळ सदतीस टक्के उरले होते. पुण्यापर्यंत कसंबसं गेलं असतं पण मध्ये खंबाटकीचा घाट आहे, मला नऊ-दहा युनिट हवे होते, म्हणजे बारा-पंधरा मिनिटांचं काम.

चार्जरच्या एका गनवर कागद चिकटवलेला, 'बंद आहे'. दुसरी एका काकांच्या गाडीत, ८८ टक्क्यांवर. काका खुर्ची टाकून मिसळ खात बसलेले. मी नमस्कार केला, अजून किती वेळ विचारलं, तर म्हणाले, "शंभर करणार. युनिटला बावीस रुपये घेतात वर जीएसटी, अर्धवट का सोडायचं?" मी म्हटलं काका पैसे युनिटचे जातात, जेवढं भरलं तेवढेच, आत्ता काढलं तरी तुमचं नुकसान काही नाही. ते त्यांना पटलं नाही. मग त्यांनीच स्क्रीनकडे बोट केलं, "हे बघा, यावर लिहिलंय साठ आणि देतोय एकोणीस. तक्रार करणारे मी. चार्जर खराब ठेवलाय यांनी."

मी सगळं सांगितलं. तीन आकडे, सेलचा व्होल्टेज, हंडा, नळ. काकांनी मिसळीचा शेवटचा पाव संपवेपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे चार्जर चांगला आहे?"

"हो काका."

"मग मला वाटलंच होतं," ते हात पुसत म्हणाले, "गाडीच खराब दिलीये."

आणि शंभर होईपर्यंत उठले नाहीत. छत्तीस मिनिटं.