पंचाहत्तर रुपयांत भागवणारा वर्ग

१८९० साली लोकमान्य टिळक पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले, त्यामागे आगरकरांशी असलेला समाजसुधारणेचा वाद होताच. पण निकराचे भांडण पैशाचे होते. सोसायटीच्या आजीव सदस्यांनी दरमहा पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षे शिकवायचे आणि बाहेरच्या कमाईमागे लागायचे नाही, असा मूळचा संकल्प. संसार वाढले तसे काहींना हा नियम जाचक वाटू लागला. फावल्या वेळात पाठ्यपुस्तक लिहिले, चार पैसे मिळवले, तर बिघडले कुठे? टिळकांच्या मते सगळेच बिघडत होते. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद, म्हणजे आणखी एक बाहेरचे काम, घेतले तेव्हा ताणलेली दोरी तुटली आणि टिळकांनी लांबलचक राजीनामा लिहिला.

साधी राहणी, कर्जाचे वावडे, शिक्षण हीच इस्टेट, पै-पैचा हिशेब, चार लोकांत मान खाली जाता कामा नये: मराठी मध्यमवर्गाची म्हणून जी मूल्ये आज हरवली म्हणतात, ती त्याच काळात पुण्या-मुंबईत आकाराला येत होती. म्हणजे ती ढळू लागल्याची पहिली तक्रारही त्यांच्याच वयाची आहे. ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे वाक्य ऐकताना एवढे लक्षात ठेवावे.

या वर्गाचा जन्म नोकरीतून झाला. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि पदवी हातात घेऊन कचेरी, शाळा, कोर्ट, पोस्टाकडे जाणारी पिढी तयार होऊ लागली. पगार ठरलेला, महिन्याच्या महिन्याला येणारा. वाढ बेताची, पण खात्रीची. अशा घरात काटकसर हा सद्गुण होता तितकाच साधा हिशेबही होता. त्याला ध्येयाची जोड दिली ती न्यू इंग्लिश स्कूलच्या मंडळींनी. आगरकरांनी आईला लिहिलेले पत्र पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले: मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील ही आशा सोड, पोटापुरते मिळवून बाकीचा वेळ परहितासाठी देणार आहे. धोंडो केशव कर्वे यांनी हिंगण्याच्या माळावर झोपडी बांधून विधवांची शाळा चालवली, तेव्हा गरिबीला प्रतिष्ठा देणारी ही प्रतिमा पुरी झाली. पुढे शंभर वर्षे मराठी मास्तराने कसे जगावे याचा नमुना इथूनच आला.

मात्र ही गरिबी निवडलेली होती. पंचाहत्तर रुपये त्या काळी सामान्य रक्कम नव्हती. गिरणी कामगाराच्या हातात त्याचा लहानसा भागच पडत असे. आणि ज्या शिक्षणाच्या जोरावर हा त्याग करता येत होता ते कोणाच्या पैशावर उभे होते, हा प्रश्न महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे थेट विचारला होता. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि उच्च शिक्षणावर खर्च होऊन ब्राह्मण व वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, हे त्यांच्या निवेदनाचे सार. मूल्यांच्या ऱ्हासावरच्या आपल्याकडच्या लिखाणात ही नोंद क्वचितच सापडते. ज्याला आपण ‘मध्यमवर्गीय संस्कार’ म्हणतो ते बराच काळ तीन-चार जातींच्या घरांतले संस्कार होते.

या वर्गाने संस्था मात्र भरपूर काढल्या, आणि त्या पैशाच्या बाबतीत कमालीच्या सावध होत्या. पुण्यात १९०६ मध्ये कॉसमॉस, १९१२ मध्ये रुपी, मुंबईत १९१८ मध्ये सारस्वत बँक. गावदेवीत सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ ची. याच काळात वाचनालये वाढली, ठाण्यात १८९३ आणि मुंबईत १८९८ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालये उभी राहिली. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला तर न्यायमूर्ती रानड्यांच्या काळापासूनची. दिवसभर कचेरीत खर्डेघाशी आणि संध्याकाळी व्याख्यान, अशी ही दिनचर्या. करमणूक जवळजवळ फुकट.

मग आले १९४८. गांधीहत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जळाली, अनेक कुटुंबे गाव सोडून शहरात आली. त्याच वर्षी कुळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्याला जमिनीचा मालक केले. या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत. पहिली हिंसा होती, दुसरा न्याय. पण शहरी मध्यमवर्गावर दोहोंचा परिणाम एकच झाला. गावाकडून येणारे तांदूळ, आंबे, खंडाचे पैसे थांबले. आता खरोखरच पगाराशिवाय काही उरले नाही. ‘आपल्याकडे काय, दोन हात आणि शिक्षण’ हे वाक्य त्या पिढीच्या तोंडी बसले ते उगाच नव्हे. मुलाच्या प्रगतिपुस्तकावर अख्ख्या घराचे डोळे लागण्याची सुरुवात इथली.

त्यानंतरची तीस-पस्तीस वर्षे, साधारण १९५० ते १९८५, आपण आज ज्यासाठी हळहळतो ती आहेत. आणि माझ्या मते या काळातला साधेपणा समजून घ्यायचा तर माणसांच्या मनापेक्षा कायदे आणि सरकारी धोरणे जास्त पाहावी लागतील.

घरभाडे घ्या. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवले. गिरगाव, दादर, परळच्या चाळींत कारकुनाचे कुटुंब दोन खोल्यांत वर्षानुवर्षे राहू शकले, कारण भाडे पगाराच्या नगण्य भागाएवढे उरले. शेजार टिकला, गणेशोत्सव टिकला, कोणाच्या घरी काय शिजले हे सगळ्या मजल्याला कळत राहिले. लोकलाजेचा धाक चालतो तो माणसे एका जागी टिकली तरच. (याच वर्गात खोली बदलताना पागडीची रक्कम रोखीने, पावतीविना देण्याघेण्यात कोणाला फारसे वावगे वाटत नसे, हेही जाता जाता सांगायला हवे. प्रामाणिकपणाच्या आठवणींत पागडीचा उल्लेख येत नाही. राज्याने ती कायदेशीर केली ती १९९९ च्या भाडे कायद्याने.)

नोकरी घ्या. १९५६ मध्ये आयुर्विमा महामंडळ, १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण, शिवाय टेलिफोन, रेल्वे, महापालिका, राज्य सरकार. अठ्ठावन्नपर्यंत नोकरी, पुढे पेन्शन, हातात फंड. निवृत्तीच्या फंडातून डोंबिवलीला किंवा पुण्यात कोथरूडला ब्लॉक घ्यायचा, हा ठरलेला आयुष्यक्रम. वयाच्या पंचविशीत घराचे कर्ज कोणी काढत नसे याचे एक कारण संस्कार. दुसरे असे की ते देणारेच फारसे कोणी नव्हते. अडीअडचणीला कर्मचाऱ्यांची पतपेढी आणि बायकोच्या पाटल्या. हे कर्जच होते, पण त्याची गणती ‘कर्जात’ होत नसे.

आणि खरेदी? स्कूटर नोंदवून वर्षानुवर्षे थांबायचे, फोनसाठी तसेच, गॅससाठी तसेच. दूध कार्डावर, साखर रेशनवर. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, शहरातल्या घरांनीही खाल्ला. पैसा खर्च करावा म्हटले तरी बाजारात वस्तू नव्हत्या, तेव्हा उधळपट्टी न करणे फार कठीण नव्हते. १९७३ पासून घरोघरी भिंतीवर कालनिर्णय आले आणि तारखांच्या चौकोनांत दुधाचे रतीब, कामवालीचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख लिहिली जाऊ लागली. त्या पिढीचे अर्थशास्त्र ज्याला पाहायचे असेल त्याने अशी जुनी कालनिर्णये पाहावीत.

या काळाची एक बाजू मात्र निव्वळ टंचाईतून समजत नाही. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध महिलांची संयुक्त समिती उभी राहिली आणि गोरेगाव-दादरच्या गृहिणी चाळींतल्या, वस्त्यांतल्या बायकांच्या बरोबरीने लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्यांचे रेशनचे दुकान तेच होते, नळ तोच होता. मुले बहुतेकदा मराठी शाळेत, कित्येकांची महापालिकेच्याच. आजारपण केईएम किंवा ससूनमध्ये. सरकारी सेवा बिघडली की मध्यमवर्गाला झळ बसे आणि तो बोलत असे. खरे नुकसान झाले असेल तर इथे, असे मला वाटते. सुती साड्या गेल्या, मिक्सर आले, याबद्दल अश्रू ढाळण्यात अर्थ नाही.

हे चित्र बदलले त्याचे खापर सरसकट १९९१ च्या उदारीकरणावर फोडले जाते. सुरुवात आधीची आहे. १९७७ मध्ये एचडीएफसी स्थापन झाली आणि नोकरदाराला घरासाठी कर्ज देणे हा रीतसर धंदा झाला. १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झाले, त्यावरच्या जाहिराती वाढल्या. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. या निर्णयाने ग्रामीण आणि बहुजन मुलांना इंजिनिअर होण्याची दारे उघडली, हे निःसंशय. पण त्याबरोबर प्रवेशासाठीची देणगीही आली, इतकी की १९८७ मध्ये ती रोखायला कायदा करावा लागला. आणि देणगी भरायला पांढरपेशा पालकही रांगेत होते. जे गुणांवर मिळवायचे ते पैसे मोजून मिळू शकते, हे या वर्गाने पहिल्यांदा आपल्याच मुलांसाठी मान्य केले. माझ्या लेखी मॉलपेक्षा हा प्रसंग मोठा.

एकोणीसशे एक्याण्णव नंतर वेग आला. परवान्यांची रांग संपली, वस्तू आल्या. पाचव्या वेतन आयोगाने १९९७ मध्ये सरकारी पगार वाढवले, वर थकबाकीही मिळाली. संगणकाच्या नोकऱ्यांनी पुण्यात हिंजवडी उभी केली, आणि वडिलांनी निवृत्तीच्या महिन्यात घेतलेला पगार मुलाला पहिल्याच नोकरीत मिळू लागला. घरातला अधिकाराचा तोल इथे फिरला. ज्याने आयुष्यभर पै-पै जोडली त्याच्या सल्ल्याला वजन उरेना, आणि तो सल्ला चुकीचा ठरतो असे दिसू लागले. घराच्या किमती अशा चढल्या की कर्ज काढणारा शहाणा ठरला आणि फंडाची वाट पाहणारा मागे पडला.

बचतीवरचा विश्वास उडायलाही कारणे घडली. जुलै २००१ मध्ये युनिट ट्रस्टने यूएस-६४ ची खरेदी-विक्री गोठवली. निवृत्तांनी बँकेइतकीच निर्धास्त समजलेली ही योजना. रुपी बँकेवर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवाना गेला. साधेपणाने राहून पैसे जिथे ठेवले तीच जागा बुडाली, तर मुलाला कोणत्या तोंडाने सांगायचे की बचत कर?

दरम्यान सरकारी सेवांतून हा वर्ग हळूहळू उठून गेला. २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली, तोवर शहरी मध्यमवर्गीयांची मुले इंग्रजी माध्यमाकडे वळू लागली होतीच. एसटीऐवजी कार, सरकारी दवाखान्याऐवजी मेडिक्लेम, महापालिकेच्या पाण्यावर घरचे फिल्टर. चाळीच्या जागी पुनर्विकासाचा टॉवर, त्याला गेट. लाटणे मोर्चा कोणाबरोबर काढणार? नळ वेगळा झाला.

तिकडे दुसरीच माणसे मध्यमवर्गात येत होती. भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत, बाबासाहेबांच्या सिद्धार्थ आणि मिलिंद महाविद्यालयांत शिकलेल्यांची दुसरी-तिसरी पिढी, आरक्षणातून अधिकारी झालेल्यांची मुले, साखरपट्ट्यातली शेतकरी घरे. यांच्यापैकी अनेकांच्या आजोबांनी साधेपणा निवडलेला नव्हता, तो लादलेला होता. त्यांनी चांगला मोबाइल घेतला, लग्नात मांडव मोठा घातला, की ‘दिखाऊपणा वाढला’ असे म्हणणारे लोक बहुधा आधीच फ्लॅटमध्ये स्थिर झालेले असतात. त्यागाचा उपदेश करायला आधी काहीतरी असावे लागते. आणि याच नव्या घरांत अभ्यासावरची श्रद्धा आज सर्वांत तीव्र आहे. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेसाठी वर्षामागून वर्षे घालवणारी, मेसचा डबा दोघांत खाणारी मुले पाहावीत. जुन्या कर्मठ मास्तराला ती आपली वाटली असती.

आकडे मात्र बोलके आहेत. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत २०२०-२१ च्या कोरोना वर्षात देशाच्या सकल उत्पादनाच्या (जीडीपी) साडेअकरा टक्क्यांच्या आसपास होती. २०२२-२३ मध्ये ती पाच टक्क्यांवर आली. जवळजवळ पाच दशकांतला हा नीचांक. यातले सगळे पैसे हॉटेलात गेलेले नाहीत. घरे, जमिनी यांत बरेच अडकले, आणि हप्ते तिथूनच सुरू होतात. शिक्षणाचा खर्च तर कुठल्याच घरात ‘चैन’ म्हणून लिहिला जात नाही.

पेन्शनचे शेवटी सांगायचे. राज्य सरकारी नोकरीत १ नोव्हेंबर २००५ पासून लागणाऱ्यांसाठी जुनी पेन्शन बंद झाली. त्या दिवशी वर्तमानपत्रांत फार गाजावाजा झाला नाही. सेवेत आधीपासून असलेल्यांना धक्का लागत नव्हता, आणि खासगी कंपन्यांत गेलेल्या मुलांना त्याचे सोयरसुतक नव्हते. सतरा वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, शिक्षक, परिचारिका, तलाठी, लिपिक ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत सात दिवस संपावर गेले. ऐन परीक्षांच्या दिवसांत शाळा बंद, रुग्णालयांत हाल. शहरी मध्यमवर्गातून तेव्हा उमटलेला सूर बहुतांशी रागाचा होता: यांना एवढे फुकट कशाला? विचारणाऱ्यांत अशी पुष्कळ माणसे होती ज्यांचे शिक्षण वडिलांच्या सरकारी पगारावर झाले आणि ज्यांच्या आईला आजही दर महिन्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते.